आमदारांचा पीए, ओएसडी, निवडणूक प्रतिनिधी: कोकणात काम करताना या चुका टाळा

कोकणात आमदारांच्या आधी त्यांचा पीए भेटतो. कणकवली असो वा गुहागर, साहेब अधिवेशनाला गेलेले असतात आणि माणसं संपर्क कार्यालयातल्या बाकावर बसलेली असतात. साहेबांबद्दलचं त्यांचं मत बरंचसं त्या बाकावरच तयार होतं. या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींनी एक गोष्ट धरून ठेवावी: तुमच्या हातातला अधिकार उसना आहे. पीए म्हणून कायद्याने तुम्हाला वेगळा काही अधिकार दिलेला नाही. हे विसरलं की चुका सुरू होतात.

“होऊन जाईल” असं सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान या दोन शब्दांनी केलंय. साकवाचंच, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचंच घ्या. पावसात वहाळ (ओढा) भरला की पलीकडच्या वाडीतली मुलं शाळेत पोचत नाहीत. वाडीतली चार माणसं अर्ज आणतात, तुम्ही “साहेबांच्या कानावर घालतो, होऊन जाईल” म्हणता आणि अर्ज गठ्ठ्यात जातो. शिमग्याला तीच माणसं दारात: “आमचो साकव कधी होतलो?” आणि अर्ज सापडत नाही.

त्या पहिल्या दिवशीच विचारायचं असतं. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय का? साकवाचे दोन्ही काठ कोणाच्या जागेत येतात? आपल्याकडे सातबाऱ्यावर एकेका गटाला वीस-तीस नावं असतात आणि त्यातली निम्मी माणसं लालबाग, भांडुप, विरारला. एका हिश्शेदाराने हरकत घेतली की काम अडलं. सगळे हिश्शेदार घरी सापडतात ते गणपतीत. म्हणून जाणता पीए श्रावणातच संमतीपत्राचा मसुदा वाडीतल्या प्रमुखाच्या हाती देऊन ठेवतो. त्यापुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. आमदार निधीतून काम सुचवतात आमदार, मंजुरी देतं जिल्हा प्रशासन. हा सगळा रस्ता वाडीला मोकळेपणाने सांगा. माणसं उशीर समजून घेतात, फसवणूक विसरत नाहीत.

उपाय साधा आहे. एक आवक नोंदवही ठेवा: तारीख, नाव, वाडी, फोन, काम काय, सध्या कुठे अडलंय, पुढचं पाऊल कोणी उचलायचं. अर्जदाराच्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून द्या. दर आठवड्याला वही साहेबांसमोर उघडा. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणी आलं तर चिठ्ठी लिहून देऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, मुदत टळली की अपील करता येतं. तो त्या माणसाचा हक्क आहे, साहेबांचा उपकार नाही, हे त्याला कार्यालयातच समजलं पाहिजे.

सरकारी माणसाला प्रचारात ओढणं

यशपाल कपूर पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सचिवालयात विशेष कार्य अधिकारी (ओएसडी) होते. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीत काम करता यावं म्हणून त्यांनी १३ जानेवारीला राजीनामा दिला, पण तो मंजूर झाल्याची अधिसूचना २५ जानेवारीला निघाली. मधल्या दिवसांतलं त्यांचं काम अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी नोकराची मदत ठरवलं. १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींची निवड रद्द झाली त्याच्या कारणांत हे एक होतं. पुढे कायदा बदलला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली, पण तोवर देशात आणीबाणी लागलेली होती. एका सहायकाच्या राजीनाम्याच्या तारखेला इतकं वजन येऊ शकतं.

मंत्री कार्यालयात सरकारी पगारावर असाल आणि प्रचाराला उतरायचं असेल, तर राजीनामा मंजूर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत मतदारसंघात फिरू नका. गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि पोलीस पाटील यांच्या शब्दाला मान असतो, म्हणून त्यांना बैठकीला बोलावण्याचा मोह होतो. बोलावू नका. नोकरी त्यांची धोक्यात येते.

मतदारांची वाहतूक आणि खर्चाच्या नोंदी

मतदाराला केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराच्या बाजूने वाहन ठरवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे, आणि त्या कलमात जलवाहनही आहे. म्हणजे खाडीपलीकडच्या मतदारांसाठी ठरवलेली होडीसुद्धा. मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या आणण्याची कल्पना बैठकीत निघाली की तिथेच थांबवा, सगळे नाराज झाले तरी.

विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं, १०,००० रुपयांवरची रक्कम रोखीने नाही, निकालापासून ३० दिवसांत हिशेब. तो न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. मंडप, डिझेल, जेवण यांची बिलं रोज रात्री नोंदवा. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावरून नमुना १७ क ची, म्हणजे तिथे झालेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय आपला मतदान प्रतिनिधी हलता कामा नये.

साहेबांच्या आवाजात बोलणं

तहसीलदारांना फोन करताना आधी स्वतःचं नाव आणि पद सांगा, मग माहिती विचारा. हुकूम सोडू नका. कोऱ्या लेटरहेडवर साहेबांची सही घेऊन ठेवण्याची पद्धत असेल तर ती आजच बंद करा. २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्री फडणवीसांनी मंत्र्यांकडून खासगी सचिव आणि ओएसडी पदांसाठी आलेल्या १२५ नावांपैकी १०९ मंजूर केल्याचं आणि बाकीच्यांवर आक्षेप असल्याचं जाहीरपणे सांगितलं. नाव असं एकदा खराब झालं की पुढे कोणी विश्वासाने काम देत नाही.

साहेबांना फक्त गोड तेवढंच ऐकवणं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात आलं आणि नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सरकारी मदतीचा हिशेब हेक्टरचा, आणि आपल्या बागा गुंठ्यांच्या. कागदावर मदत दिसत होती, हातात पडणारी रक्कम फारच थोडी होती. झाडामागे मदत द्या, ही मागणी बागायतदारांकडून वर गेली आणि नंतर तसा निर्णयही झाला. अशा वेळी सहायकाने “मदत जाहीर झाली, लोक खूश आहेत” एवढंच सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेबांना न आवडणारी बातमी त्याच दिवशी, आकड्यांसह आणि वाडीच्या नावासह द्या.

आपत्तीत आणखी एक काळजी घ्या. पंचनामा हे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांचं काम आहे. त्यांच्या हाती आपल्या कार्यकर्त्यांची यादी देऊ नका. घरात चिखल भरला असेल तर काढण्याआधी फोटो घ्यायला लोकांना सांगा. नुकसानग्रस्तांची यादी ग्रामपंचायतीत लागली की तिची एक प्रत संपर्क कार्यालयाबाहेरही लावा, म्हणजे ज्यांचं नाव सुटलंय त्यांना लगेच अर्ज करता येईल.