रोलच्या शेवटचे दोन फोटो: गावातल्या जुन्या फोटोग्राफरचं काम कसं हुडकायचं

आधी घरातला जुना अल्बम काढा आणि फोटो बघत बसू नका, उलटे करा. मागं बऱ्याचदा जांभळ्या शाईचा शिक्का सापडतो, स्टुडिओचं नाव आणि गाव, आणि नशीब असलं तर पेनानं टाकलेला नंबर. त्या नंबरवर सगळं आहे. गिऱ्हाईकाला दुसरी कॉपी पाहिजे असली की तो नंबर सांगायचा, मग फोटोवाले त्याच नंबरचं निगेटिव्हचं पाकीट काढायचे (निगेटिव्ह म्हणजे ज्यावरून फोटो छापतात ती फिल्म, तिच्यावर काळ्याचं पांढरं दिसतं). डिंकानं चिकटवलेले फोटो मात्र ओढू नका, फाटतात, दुसऱ्या घरी बघा, लग्नाचा अल्बम कुणाकडं नाही.

मग त्या फोटोवाल्याचं घर. आमच्याकडं, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, असे एक मामा होते (नाव टाकत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय). स्टुडिओच्या जागी आता पोरगा झेरॉक्स काढतो आणि ऑनलाईन फॉर्म भरतो. मी पहिल्यांदा गेलो आणि डायरेक्ट विचारलं निगेटिव्ह आहेत का, तर म्हणला "काय करायलास रे त्या कचऱ्याचं, दोन पोती तर कवाच चांदीवाल्याला दिली." खरंय ते, ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर चांदी असते म्हणून एक्स-रेसारखेच निगेटिव्हही विकत घेणारे फिरतात. दुसऱ्यांदा गेलो ते माझ्या आजीचा त्यांनीच काढलेला फोटो घेऊन, मामींच्या हातात दिला, चहा झाला, आणि मग पत्र्याखालच्या माळ्यावरून तीन खोकी खाली आली. तर फोटो घेऊन जा, प्रश्न घेऊन जाऊ नका.

खोकं उघडलं की पहिला मोह होतो सगळं पसरून नीट लावायचा. अजिबात करू नका!! पाकिटं ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ठेवा, मोबाईलवर आधी खोक्याचाच फोटो काढा, कारण पाकिटावरचा नंबर आणि बिलबुक जुळलं तर तारीख, गाव, कुणाचं लग्न सगळं निघतं. बिलबुक मागून घ्या, ते कुणाला महत्त्वाचं वाटत नाही म्हणून आधी तेच रद्दीत जातं.

आंबट वास आला, व्हिनेगरसारखा, तर ती फिल्म खराब व्हायला लागलीय. तेवढी पाकिटं वेगळ्या खोलीत ठेवा, त्याच्या वाफेनं बाजूचीही बिघडतात. बुरशी दिसली म्हणून पाण्यानं धुवायची नाही, इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, सुटून येतं. हात कोरडे पाहिजेत, सुती हातमोजे असले तर बेस्ट, नाहीतर कडेनंच धरायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, साधी कागदी पाकिटं, आणि घरातली सगळ्यात थंड कोरडी जागा, आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायची गरज नाही.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. टॅबवर किंवा लॅपटॉपवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, ब्राईटनेस फुल, वर दोनतीन इंच अंतर ठेवून निगेटिव्ह धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके येत नाहीत, खोलीतला लाईट बंद. नुसतं बघायचं असेल तर मोबाईलच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं कलर इन्व्हर्जन चालू करून कॅमेरा धरा, माणसं लगेच सरळ दिसतात, पहिल्यांदा मी तर ओरडलोच. सेव्ह होतं ते निगेटिव्हच, ते नंतर एडिटिंगमध्ये उलटं करायचं. गुळगुळीत चकचकीत बाजू आपल्याकडं ठेवली की फोटो आरशातल्यासारखा उलटा येत नाही.

आता खरी गोष्ट. पासपोर्ट साईज, नवरानवरी, मांडीवरचं बाळ, हे सगळं ऑर्डरचं काम, आणि ऑर्डरीत फोटोग्राफरचं स्वतःचं फार दिसत नाही, मागचा पडदासुद्धा तोच. पण 120 नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर चौकोनी 12 फोटो बसायचे, ऑर्डर 10 वर संपली की दोन उरायचे, आणि रोल डेव्हलप करायची घाई असली की मामा ते दोन बाहेर जाऊन संपवायचे. बैलबाजार. भर उन्हात सायकल पंक्चर काढणारं पोरगं. स्टुडिओच्या पायरीवर चप्पल काढून बसलेल्या बाया, त्यांचा नंबर यायचाय अजून. असे 61 फोटो सापडले मला आणि त्यातले पंधराएक तरी असे आहेत की कुठल्याही मोठ्या नावाच्या शेजारी लावा. ओळखायची खूण सांगतो, ऑर्डरच्या निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी पेन्सिलचं टचिंग असतं, म्हणजे चेहरा नीट दिसावा म्हणून हातानं केलेली दुरुस्ती, न चमकणाऱ्या बाजूनं तिरपं धरलं की ती चमकते. जिथं टचिंग नाही ते बहुतेक गिऱ्हाईकाला दिलेलंच नाही. तेच आधी बघा.

शिकागोत मुलं सांभाळायचं काम करता करता फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायरचे निगेटिव्ह 2007 मध्ये लिलावात निघाले म्हणून जगाला कळले. आपल्याकडं लिलाव नाही, भंगारवाला आहे.

तारीख लावायची तर फोटोतल्या गाड्या बघा. नंबरप्लेटवर एमएच 22 (आपल्या परभणीचा नंबर) असेल तर 1989 च्या नंतरचा, कारण ही सिरीजच तेव्हा आली. भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर, निवडणुकीचं चिन्ह, हेही धरा. पण एकाच खुणेवर विश्वास नको, पोस्टर चारचार वर्षं भिंतीवर राहतं.

फोटो ऑनलाईन टाकायच्या आधी एक. निगेटिव्ह तुमच्या हातात आलं म्हणजे हक्क तुमचा झाला नाही. आपल्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, आणि फोटोग्राफरनं स्वतःहून काढलेल्याचा त्याचा, म्हणजे आता घरच्यांचा. म्हणून ते उरलेले दोन-दोन फोटो मामींना विचारून टाकता येतात, कुणाच्या लग्नाचे नाही.

मामींना मी प्रिंट नेऊन दाखवल्या. पायरीवरच्या बायांचा फोटो हातात घेतला आणि म्हणल्या, डावीकडची मीच आहे की, तेव्हा लग्न व्हायचं होतं आमचं.