डिसॅबिलिटी नाकारली, आता फेडरल कोर्टात जायचंय? हे वाचा

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या डिसॅबिलिटीसाठी (आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून मिळणारे सरकारी पैसे) अर्ज केला, रीकन्सिडरेशन म्हणजे फेरविचार झाला, सोशल सिक्युरिटीच्याच जजसमोर हिअरिंग झालं आणि शेवटी अपील्स काउन्सिलनेही (त्यांचीच शेवटची अपिलाची पायरी) नकाराचं पत्र पाठवलं, की आपली बरीच मंडळी तिथेच हात टेकतात. टेकू नका, अजून कोर्ट आहे. पण ते पत्र आधी नीट जपून ठेवा, त्याच्यावरची तारीख लाखमोलाची आहे.

पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत दावा दाखल करायचा. तारखेनंतर ५ दिवसांनी पत्र मिळालं असं धरतात, म्हणजे एकूण ६५, पण त्या ५ दिवसांच्या भरवशावर कृपा करून राहू नका. आणि दाखल म्हणजे कोर्टात पोचलेला, नुसता पोस्टात टाकून चालत नाही. आजारपणामुळे जमतच नसेल तर मुदत संपायच्या आत वाढीव मुदत लेखी मागा, तीही कोर्टाकडे नाही, अपील्स काउन्सिलकडे.

दावा तुम्ही राहता तिथल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात लावायचा, स्टेटच्या कोर्टात नाही. फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर दाव्यासोबतच फीमाफीचा अर्ज द्या. दावा छोटा चालतो: नाव, काउंटी, कुठला बेनिफिट, कुठल्या निर्णयाविरुद्ध. पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर मात्र लिहू नका. १ डिसेंबर २०२२ पासून या केसेसना वेगळे नियम आहेत, त्यामुळे सरकारला समन्स बजावत बसावं लागत नाही, कोर्टच इलेक्ट्रॉनिक नोटीस पाठवतं. मग सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस, ते बहुतेक वेळा उत्तर म्हणून केसची सगळी फाइलच जमा करतात, आणि त्यानंतर ३० दिवसांत तुमचं लेखी म्हणणं म्हणजे ब्रीफ.

खरी मेहनत या ब्रीफमध्येच आहे. कोर्ट नव्याने तपासणी करत नाही, साक्षीदार नाहीत, जुन्याच फाइलवरून सोशल सिक्युरिटीच्या जजचा निर्णय पुराव्याला आणि कायद्याला धरून होता का एवढंच बघतं. त्यामुळे "मला खूप त्रास होतो" लिहून उपयोग नाही. डॉक्टरांनी अमुक पानावर लिहिलंय की दहा मिनिटांवर उभं राहता येत नाही आणि जजने त्याचा उल्लेखच केला नाही, असं पान नंबरासकट लिहा. नवीन रिपोर्ट तो महत्त्वाचा असेल आणि आधी का दिला नाही याचं सबळ कारण असेल तरच बघतात.

आईची केस मुलाने कोर्टात चालवायची हे चालत नाही, ती स्वतः किंवा वकील. वकिलाची कोर्टातल्या कामाची फी थकबाकीच्या, म्हणजे जिंकल्यावर तुम्हाला मिळणाऱ्या मागच्या काळाच्या बेनिफिटच्या, २५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, तेव्हा पैसे नाहीत म्हणून विचारायचं टाळू नका, आणि पत्र आलं त्याच आठवड्यात फोन करा, ५५व्या दिवशी केस हातात घ्यायला कोणी तयार होत नाही.