उडती घार काळीकुट्ट येते? एक्सपोजर असं लावा

घारीचा फोटो काळा येतो कारण कॅमेरा घारीकडे बघतच नसतो, तो आकाशाकडे बघतो. त्याच्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळी फ्रेम मधल्या करड्या टोनवर आणायची असते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ठाणे खाडीवरचं आकाश असतं धुरकट पांढरं, मग तो त्याला करडं करायच्या नादात उजेड कमी करतो आणि तपकिरी घारीचा थेट कोळसा. तीच घार खाली आली, मागे तिवरांची काळपट हिरवी भिंत आली की उलटं, कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो एक्सपोजर (आत घेतलेला उजेड) वाढवतो आणि ब्राह्मणी घार असेल तर पांढरं डोकं पार जळतं, म्हणजे पिसांचा डिटेल जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. पण या दोन सेकंदांत घारीवरचं ऊन तेवढंच होतं ना? बदललं फक्त मागचं. म्हणून ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल मोड, म्हणजे शटरचा वेग आणि अपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) आपण ठरवायचं, आणि आयएसओसुद्धा (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवायचा नाही.

सुरुवातीला आकडा हवा असेल तर स्वच्छ ऊन, तेही तुमच्या पाठीमागून, असं असताना १/२५००, एफ ६.३, आयएसओ ४००. हे सनी सिक्स्टीन या जुन्या ठोकताळ्याच्या हिशोबातूनच निघतं, भर उन्हात एफ १६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ, तिथून अपर्चर उघडत ६.३ पर्यंत आलात की शटर एवढंच येतं. हिवाळ्यात सकाळी पावणेआठला ऊन कोवळं असतं तेव्हा आयएसओ ८०० किंवा जास्तच लागतो, आणि मग उजेड भराभर वाढत जातो त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी परत चेक करायचं, एकदा लावलं आणि विसरलो असं चालत नाही.

चेक कशावर करायचं तर बगळ्यावर! ऐरोलीला किंवा नेरूळला टीएस चाणक्य या संस्थेच्या मागे चिखलात उन्हात उभा असलेला पांढरा बगळा नक्की सापडतो. हायलाइट अलर्ट (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू करा, बगळ्याचा फोटो काढा, पिसं लुकलुकायला लागली तर शटरचा वेग वाढवून किंवा आयएसओ उतरवून उजेड एक-तृतीयांश स्टॉपने कमी करत जा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), जिथे लुकलुकणं जेमतेम थांबतं ते तुमचं सेटिंग. त्याच उन्हात ब्राह्मणी घारीचं डोकं आता जळणार नाही. साधी घार किंवा मार्श हॅरियर आला तर तिथून अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा, कारण त्यांच्या अंगावर जळण्यासारखं पांढरं फारसं नाही आणि पंखाखालचा डिटेल हवा असतो. स्क्रीनवर फोटो कसा दिसतो याला काही अर्थ नाही, उन्हात सगळंच अंधारं दिसतं, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या टोनचा आलेख, बघा. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर सावलीतला एखादा स्टॉप नंतर उचलता येतो, जळलेलं पांढरं परत येत नाही.

नवी मुंबईच्या बाजूने खाडी पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी. ठाण्याच्या कोपरीकडून बरोबर उलट, तिथे दुपारनंतर जा. वेळ चुकली तर कितीही सेटिंग फिरवा, पक्षी काळाच. अशा वेळी हट्ट सोडून आकाशावर एक्सपोजर लावा, पंख पूर्ण उघडलेली सिलूएट घ्या, छान येते. भर दुपारी मात्र कॅमेरा बॅगेत, तेव्हा डोळ्यात चमकसुद्धा येत नाही.

मॅन्युअल कुठे अडतं? ढग येत-जात असतील तर, किंवा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, जिथे सर्पगरुड उन्हातल्या फांदीवरून उठून सरळ सावलीत शिरतो. तिथे शटर-अपर्चर तुम्ही धरा, आयएसओ ऑटो, आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशनवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशोबात उजेड कमी-जास्त करणाऱ्या डायलवर, अंगठा ठेवा. पांढरं आकाश असेल तर +१.३ ते +२, निळं असेल तर +०.३ ते +०.७, मागे गर्द झाडी असेल तर −०.७ च्या आसपास. काही जुन्या बॉडीत मॅन्युअलमध्ये कॉम्पेन्सेशन चालत नाही, मग अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर तुमचं, शटर कॅमेरा ठरवतो) घ्या आणि आयएसओ एवढा चढवा की शटर १/१६०० च्या खाली जाणार नाही. फांदीवर शांत बसलेल्या शिक्र्याला एवढं शटर कशाला, १/५०० पुरतं. स्पॉट मीटरिंगचा (फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यावरच उजेड मोजण्याचा) सल्ला बरेच जण देतात, मला उडत्या पक्ष्याला तो पटत नाही, ठिपका डोक्यावरून पंखावर सरकला की रीडिंग स्टॉपभर उडी मारतं.

आणि हो, बोटीतून चिकन फेकून ब्राह्मणी घारी जवळ बोलावणाऱ्यांच्या नादी लागू नका. प्रॅक्टिसला मच्छी मार्केटवरच्या साध्या घारी आहेत की, सकाळपासून घिरट्या घालतात, आधी आकाशात मग बिल्डिंगसमोर, म्हणजे मॅन्युअल आणि ऑटोतला फरक अर्ध्या तासात कळतो.