महासंगणकावर वेळ मागायचीय? अर्जातला कोअर-तासांचा आकडा असा काढा

महासंगणकाच्या वेळेचा अर्ज परीक्षकाच्या हाती पडला, की त्याची नजर आधी एका आकड्यावर जाते: किती कोअर-तास मागितलेत, आणि तेवढेच का? (प्रोसेसरचा एक कोअर, म्हणजे गणित करणारा एक भाग, तासभर वापरला की एक कोअर-तास.) संशोधनाचा प्रश्न कितीही मोलाचा असो, हा आकडा हवेतून काढलेला दिसला की मागणी कापली जाते, नाहीतर अर्जच परत येतो. तरीही अर्ज लिहायला शिकवणारी बहुतेक टिपणं प्रस्तावनेची भाषा आणि जुन्या शोधनिबंधांची यादी यांतच घुटमळतात. ‘थोडे जास्तच मागा, कापणार आहेतच’ हा सल्ला तर सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नका. फुगवलेला आकडा ओळखायला परीक्षकाला एक भागाकार पुरतो, आणि एकदा तो पकडला गेला की बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

तुमचा कोड चालतो, इनपुट तयार आहे, लिनक्स आणि स्लर्म (यंत्रावर जॉब, म्हणजे कामं, रांगेत लावणारी प्रणाली) हाताळता येतं, हे इथे गृहीत धरलं आहे.

१. यंत्र निवडा

भारतात आज बहुतेक संशोधकांसाठी वाट आहे ती २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधल्या यंत्रांची. सी-डॅक आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून ते मिशन राबवतात. पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय, आणि जीएमआरटीकडे २०२४ मध्ये सुरू झालेलं परम रुद्र. बाहेर बंगळुरूचं परम प्रवेग, खरगपूरचं परम शक्ती, रुरकीचं परम गंगा. पुण्याच्याच आयआयटीएममधलं अर्क आकाराने या सगळ्यांहून मोठं आहे, पण ते हवामान आणि मोसमी पावसाच्या कामासाठी आहे. प्रथिनांवरचं किंवा पदार्थविज्ञानाचं काम घेऊन तिथे जाऊ नका.

पेटाफ्लॉपचा, म्हणजे यंत्राच्या एकूण वेगाचा, आकडा बघून यंत्र निवडू नका. तुमच्या वाट्याला त्या यंत्राचा छोटासा तुकडाच येणार आहे. बघायचं ते हे: एका नोडमध्ये (यंत्रातल्या एका स्वतंत्र संगणकात) कोअर किती आणि मेमरी किती (परम ब्रह्मच्या साध्या नोडमध्ये ४८ कोअर आणि १९२ जीबी, म्हणजे कोअरमागे ४ जीबी), जीपीयू आहेत का, एक जॉब जास्तीत जास्त किती वेळ चालू देतात, आणि तुमचा कोड तिथे आधीपासून बसवलेला आहे का.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत असलेल्यांनी महासंगणकाचा वेळ देणाऱ्या ॲक्सेस कार्यक्रमातल्या सगळ्यात खालच्या, ‘एक्सप्लोर’ पायरीपासून सुरुवात करावी. तिथे लांबलचक प्रस्ताव लागत नाही. इन्साइट या अमेरिकी ऊर्जा खात्याच्या तशाच कार्यक्रमासाठी अमेरिकेबाहेरच्या संशोधकांनाही अर्ज करता येतो, पण तिथे फ्रंटियर किंवा ऑरोरासारख्या यंत्राचा मोठा हिस्सा एकाच वेळी वापरणारं काम लागतं. आठ-दहा नोडवर भागणारं काम तिथे पाठवणं म्हणजे वर्ष वाया घालवणं.

२. कागदपत्रं

बहुतेक केंद्रांत प्रमुख संशोधक म्हणून मार्गदर्शकाचंच नाव लागतं, आणि विभागप्रमुखांची सही लागते. व्हास्पसारखा (पदार्थांच्या गणितासाठीचा) परवान्याचा कोड असेल तर परवाना तुमच्या गटाच्या नावावर आहे याचा पुरावा जोडा. ‘केंद्रावर बसवलेला आहेच की’ हे चालत नाही. वापराचं शुल्क आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर ते संशोधन अनुदानाच्या अंदाजपत्रकात वेळीच घाला.

३. चाचणीसाठी खातं मागा

मुख्य अर्जाआधी थोडे तास चाचणीसाठी मिळतात का ते केंद्राला विचारा. पुढची सगळी मोजणी ज्या यंत्रावर काम करायचं त्याच यंत्रावरची हवी. प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवरचे आकडे इथे कुचकामी आहेत.

४. स्केलिंगची मोजणी

इथे घाई करू नका. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

प्रश्न साधा आहे: नोड दुप्पट केले तर काम दुप्पट वेगाने होतं का? थोड्या नोडांपर्यंत जवळजवळ होतं, पुढे होत नाही. कोडचा काही भाग एकामागून एकच चालतो आणि नोडांना एकमेकांशी बोलावं लागतं. पंगतीला वाढपी वाढवले म्हणून भात लवकर शिजत नाही. ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: कामाचा फक्त १ टक्का भाग समांतर होत नसेल, तरी कितीही कोअर लावा, वेग १०० पटीपलीकडे जात नाही.

कोडच्या संकेतस्थळावरचा आलेख उचलून अर्जात चिकटवू नका. तो दुसऱ्या यंत्रावरचा, दुसऱ्या आकाराच्या प्रणालीचा असतो, आणि परीक्षकाने तो अनेकदा पाहिलेला असतो. तुमचीच प्रणाली, तुमचंच इनपुट, त्याच अचूकतेवर चालवा.

उदाहरण घेऊ. पेशीपटलात बसवलेलं प्रथिन, पाण्यासकट १० लाख अणू, कोड ग्रोमॅक्स (अणूंची हालचाल गणिताने काढणारा), नोड ४८ कोअरचे. समजा मोजणीतून दिवसाला प्रणालीच्या हालचालीचे इतके नॅनोसेकंद मिळाले:

१ नोड: ४.० (कार्यक्षमता १०० टक्के)
२ नोड: ७.७ (९६ टक्के)
४ नोड: १४.६ (९१ टक्के)
८ नोड: २६.५ (८३ टक्के)
१६ नोड: ४३ (६७ टक्के)
३२ नोड: ५८ (४५ टक्के)

कार्यक्षमता काढायची ती अशी: मिळालेल्या वेगाला, एका नोडचा वेग गुणिले नोडांची संख्या, याने भागायचं. ३२ नोडांवर ५८ ÷ (४ × ३२), म्हणजे ४५ टक्के. तिथे प्रत्येक कोअरच्या वाट्याला जेमतेम साडेसहाशे अणू येतात, आणि दूरच्या विद्युतबलांच्या गणितासाठी सगळ्या नोडांना एकमेकांकडे माहिती पाठवत बसावं लागतं. गणनेचा वेळ निरोपांत जातो.

या तक्त्यावरून ८ नोड निवडावेत. ७० टक्क्यांच्या खाली घसरलेली संख्या मागूच नये, असं माझं ठाम मत आहे. अपवाद एकच: काम तुकड्यांत विभागता येत नाही आणि निकाल ठरावीक मुदतीत हवाच आहे. तसं असेल तर ते कारण अर्जात स्पष्ट लिहा. ‘लवकर संपेल’ एवढंच लिहिलेलं चालत नाही.

मोजणी बिघडते ती ठरलेल्या जागी. पहिली जागा म्हणजे सुरुवातीचा वेळ. फायली वाचणं, प्रणाली नोडांत वाटणं, आतल्या सेटिंगची जुळवाजुळव यात पहिली काही मिनिटं जातात. पाच मिनिटांचा जॉब चालवून काढलेला वेग खोटाच असतो. निदान अर्धा तास चालवा आणि सुरुवातीचा भाग वगळा. ग्रोमॅक्समध्ये अर्ध्या वाटेवर घड्याळ शून्यावर आणायची सोय आहे, ती वापरा. डब्ल्यूआरएफ हा हवामानाचा कोड वापरणाऱ्यांनी लॉगमधल्या प्रत्येक कालपायरीच्या वेळा काढून सरासरी घ्यावी, पण ज्या पायऱ्यांवर विकिरणाचं गणित होतं त्या इतरांपेक्षा जड असतात. त्या धरूनच सरासरी काढा, वगळून नव्हे.

दुसरी जागा, फायली लिहिणं. मोजणीत आउटपुट बंद ठेवायचं आणि प्रत्यक्ष कामात दर काही मिनिटांनी मोठी फाइल लिहायची, असं केलं की मिळालेले तास निम्म्यात संपतात. खऱ्या कामात जितक्या वेळा लिहिणार, तितक्याच वेळा मोजणीतही लिहा.

तिसरी, नोडच्या आतली मांडणी. ४८ कोअर म्हणजे २४ कोअरचे दोन प्रोसेसर. एमपीआयच्या (एकमेकींना निरोप पाठवणाऱ्या) ४८ प्रक्रिया लावायच्या, की २४ प्रक्रिया आणि प्रत्येकी २ थ्रेड (प्रक्रियेच्या आतले समांतर धागे), याने वेगात मोठा फरक पडतो. थ्रेड कोअरला बांधलेले नसले तर ते इकडून तिकडे उड्या मारतात आणि आकडे दर वेळी बदलतात. आधी एकाच नोडवर दोन-तीन मांडण्या करून बघा, उत्तम ती ठरवा, मगच नोड वाढवा. व्हास्पमध्ये के-बिंदू आणि बँड यांची वाटणी मूळ सेटिंगवर तशीच सोडली तर स्केलिंग वाईट दिसतं, आणि दोष यंत्रावर जातो.

चौथी, पायाचा आकडा. काही जण ८ नोडांचा वेग १०० टक्के धरून तक्ता सुरू करतात, म्हणजे पुढची घसरण झाकली जाते. प्रणाली एका नोडच्या मेमरीत मावत नसेल तर दोन किंवा चार नोडांपासून सुरू करायला हरकत नाही, पण तसं लिहा.

प्रत्येक मोजणी तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. नोड पूर्ण स्वतःसाठी राखून घ्या, नाहीतर शेजारचा जॉब तुमचा आकडा बिघडवेल. कंपायलर, एमपीआय आणि कोड यांच्या आवृत्त्या तक्त्याखाली एका ओळीत लिहा.

जीपीयूबद्दलही दोन ओळी हव्यातच. ग्रोमॅक्ससारख्या कोडला एक चांगलं जीपीयू अनेक सीपीयू नोडांचं काम करून देतं, आणि परीक्षकाला ते ठाऊक असतं. सीपीयू मागत असाल तर का, ते सांगा: तुम्हाला लागणारी पद्धत जीपीयूवर चालत नाही, किंवा त्या केंद्रावर जीपीयूची रांग लांब आहे. उलट, जीपीयू मागत असाल तर एका जीपीयूवरचे आणि एका पूर्ण नोडवरचे आकडे दोन्ही द्या.

५. आकडा काढा

आता गुणाकार. मूळ प्रथिन आणि एक उत्परिवर्तित रूप, प्रत्येकाचे तीन स्वतंत्र रन, प्रत्येक रन ५०० नॅनोसेकंदांचा. एकूण ३,००० नॅनोसेकंद. ८ नोडांवर दिवसाला २६.५, म्हणजे ११३.२ दिवस. गुणिले ८ नोड, गुणिले २४ तास: सुमारे २१,७०० नोड-तास. गुणिले ४८: सुमारे १० लाख ४३ हजार कोअर-तास.

हेच ३२ नोडांवर केलं तर जवळपास १९ लाख लागतात. विज्ञान तेच, खर्च पावणेदोन पटींहून जास्त. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. तुम्ही सार्वजनिक पैशाचं यंत्र विचारपूर्वक वापरणार आहात, हे इथेच दिसतं. आणि ८ नोडांनी उशीर होईल ही भीतीही खोटी आहे. सहाही रन एकाच वेळी चालले तर प्रत्येकाला १९ दिवस पुरतात. जॉबची मर्यादा चार दिवसांची असेल तर एका रनचे पाच तुकडे, एकूण तीस जॉब. चेकपॉइंटवरून (मध्ये जपून ठेवलेल्या स्थितीवरून) पुढे चालवण्याची सोय आहे हे लिहा, आणि खरंच करून बघा. ती न बघितल्यामुळे चौथ्या दिवशी मेलेला जॉब पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

यात सुरुवातीचं संतुलन आणि फसलेले जॉब यांसाठी १० टक्के वेगळे दाखवून मिळवा. एकूण साडेअकरा लाख. वेगळ्या ओळीत दाखवलेले १० टक्के कुणाला खटकत नाहीत, एकूण आकड्यात लपवलेले २० टक्के खटकतात.

एक खाच मेमरीची. कोअरमागे ८ जीबी लागत असतील तर ४८ पैकी २४ कोअरच वापरता येतात, पण पूर्ण नोड अडवला तर हिशेब ४८ कोअरचाच लागतो. मागणी दुप्पट करा आणि कारण लिहा.

६. साठवणूक

ही मागणी बरेच जण रिकामी सोडतात. १० लाख अणूंची एक चौकट, तीन निर्देशांक आणि प्रत्येकी ४ बाइट धरून, न दाबता १२ एमबी होते. दर १०० पिकोसेकंदांनी लिहिली तर सहा रनचे ३६० जीबी, दर १० पिकोसेकंदांनी लिहिली तर ३.६ टीबी. संशोधनाच्या प्रश्नाला जितक्या लागतात तितक्याच चौकटी लिहा. स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या, जागेवरच्या जुन्या फायली अनेक केंद्रांत आपोआप पुसल्या जातात आणि त्यांची प्रत कुठेच नसते. डेटा कुठे, कसा आणि कधी हलवणार ते एका परिच्छेदात सांगा.

७. विज्ञानाचा भाग

दोन पानांत. परीक्षक तुमच्या शाखेचा असेलच असं नाही. प्रश्न काय, छोट्या यंत्रावर तो का सुटत नाही, आणि प्रत्येक रनमधून कोणतं उत्तर मिळणार, एवढं पुरे. वरच्या हिशेबातला प्रत्येक रन इथल्या कोणत्या तरी वाक्याशी जोडलेला असला पाहिजे. जोडला जात नसेल तर तो रन काढून टाका.

८. वेळ मिळाल्यावर

पहिल्याच आठवड्यात कामाला लागा. न वापरलेले तास पुष्कळ ठिकाणी परत घेतले जातात, आणि मुदतीच्या शेवटी सगळ्यांचेच जॉब रांगेत उभे असतात. दर महिन्याला स्लर्मच्या नोंदींतून प्रत्यक्ष लागलेले तास काढून अंदाजाशी ताडून बघा. मुदतवाढीच्या अर्जात हाच तक्ता लागतो. शोधनिबंधातलं ऋणनिर्देशाचं वाक्य केंद्राने दिलेल्या शब्दांतच घ्या, आणि सहलेखकाने छपाईआधी ते छाटलेलं नाही ना, ते शेवटच्या मुद्रितात तपासा.