होडीवरील धातूची लकाकी खाडीच्या हवेत कशी राखावी

ऐरोली, वाशी किंवा दिवाळे येथे उभी असलेली होडी आठवडाभर जागची हलली नाही, तरी तिच्या स्टीलच्या कठड्यावरून बोट फिरवल्यास चिकट, ओलसर थर बोटाला लागतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओले राहते. आषाढात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तोच हा प्रकार. खाडीकाठच्या धातूवर बसलेले मीठ त्यामुळे पुरते वाळत नाही, आणि होडी रिकामी उभी असतानाही त्यातील क्लोराइडचे धातू गंजवण्याचे काम चालूच राहते. म्हणून पॉलिशची डबी उघडण्याआधी मीठ उतरवणे आणि धातू कोरडा करणे यांकडे लक्ष द्यावे. माझ्या मते निम्म्याहून अधिक राखण तेवढ्यानेच होते.

फेरीहून परतल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, कठडे, शिडी, दोर बांधायचे खुंट आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याने भरपूर धुवाव्यात. सुक्या मिठावरून फडके फिरवू नये, कारण खड्यांचे बारीक ओरखडे पडतात आणि पुढचे मीठ नेमके त्या ओरखड्यांत अडकते. पाणी ओतून झाल्यावर सौम्य साबण व मऊ स्पंज वापरावा, साबण पूर्ण निघेपर्यंत पुन्हा धुवावे आणि थेंब वाळण्याआधी स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून घ्यावे. हे काम सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावे. दुपारी तापलेल्या स्टीलवर थेंब पुसण्याआधीच वाळतो आणि त्याची पांढरी कडा मागे राहते.

हे पांढरे डाग दोन प्रकारचे असतात. मिठाचा डाग गोड्या पाण्याने विरघळतो. जड पाण्यातील चुनखडीचा डाग मात्र पाण्याने हलत नाही, त्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडके ओले करावे, डागावर एक-दोन मिनिटे ठेवावे आणि लगेच धुऊन पुसावे. बोअरचे पाणी बहुधा नळाच्या पाण्यापेक्षा जड असते, तेव्हा निदान शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्यावा. संडास साफ करण्याचे आम्ल व ब्लीच ही दोन्ही होडीवर आणूच नयेत, कारण पहिल्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दुसऱ्यातील क्लोरीन स्टेनलेस स्टीलवर थेट घाव घालतात.

स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, हा समज सोडून द्यावा. या पोलादातील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचे कवच तयार करते, आणि ते ओरखडले तर ऑक्सिजन मिळताच पुन्हा भरून येते. स्टेनलेसच्या ३१६ या प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ती क्लोराइडपुढे ३०४ या नेहमीच्या प्रतीपेक्षा अधिक तग धरते, म्हणून नवा भाग घेताना प्रत विचारूनच घ्यावा. ओल्या दोराच्या वेटोळ्याखाली, चिकटपट्टीखाली किंवा नट-बोल्टच्या फटीत ऑक्सिजन पोहोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. दोर सोडवून ठेवावेत व फटी टूथब्रशने धुवाव्यात. चहाच्या रंगाचे डाग दिसू लागले, तर लिंबूसताचे किंवा ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या क्लीनरचे पाणी हातमोजे घालून लावावे आणि नंतर चांगले धुवावे. भांडी घासायची तारेची घासणी वापरू नये, तिचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि स्वतःच गंजतात.

पितळेची गोष्ट वेगळी आहे. खारफुटीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो (ओहोटीला येणारा कुजका वास त्याचाच) आणि पितळ, तांबे त्याने काळवंडतात. देवघरातील चिंच-मिठाची रीत इथे निम्मीच चालते, चिंच घ्यावी आणि मीठ वगळावे. क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर खरखरीत काहीच घासू नये, कारण मुलामा पातळ असतो आणि तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो. ॲल्युमिनियमला तीव्र आम्ल आणि धुण्याचा सोडा दोन्ही सोसत नाहीत, त्याला साबण-पाणीच पुरे. स्टीलचा बोल्ट थेट ॲल्युमिनियममध्ये बसवला, तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचा वायसर घालावा. स्वतः झिजून पाण्याखालच्या भागांना वाचवणारी जस्ताची वडी कठड्याचे रक्षण करत नाही, हेही ध्यानात असावे. ती जिथे लावली आहे तिथे तिच्यावर रंग चढवू नये आणि निम्मी झिजल्यावर बदलावी.

पॉलिश व मेणाची पाळी यानंतरची. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर मीठ कमी धरते, म्हणून पॉलिश केवळ शोभेसाठी नसते, पण ते खरवडणारे असल्याने वरचेवर करू नये. त्यावर कार्नौबा मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, धुके धरल्यासारखे दिसले की पुसावे, आणि पाणी पसरू लागले की मेण उडाले असे समजून पुन्हा लावावे. मेणावर पाण्याचे मणी होतात हे पाहून निर्धास्त राहू नये, कारण न पुसलेला मणी वाळला की डागाची गोल कडी तशीच उमटते.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि पुष्कळजण ओल्या होडीवर प्लास्टिक घट्ट बांधून मोकळे होतात. आधी सर्व धातू धुऊन, वाळवून मेणाचा हात द्यावा, आच्छादन धातूला न टेकता हवा खेळेल असे उंचावर बांधावे, आणि शेजारच्या होडीवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालणार असेल तर कठडे तेवढ्यापुरते झाकावेत. काम संपताच ते झाकण काढून, उडालेले लोखंडाचे कण त्याच दिवशी धुऊन टाकावेत.