कथाप्रधान खेळांतून इंग्रजी वाचन शिकवताना या चुका टाळा

मराठी माध्यमाच्या मुलांना कथाप्रधान संगणकीय खेळांतून इंग्रजी वाचायला शिकवण्याचा प्रयोग फसतो, तो बहुधा खेळाच्या निवडीतच. ज्या खेळात प्रत्येक पात्र बोलते आणि पुढचा रस्ता बाण दाखवतो, तो खेळ मुले एक ओळही न वाचता संपवतात. मजकूर न वाचता पुढे जाता येत असेल, तर तो खेळ वाचनाच्या तासाला घेऊ नये. २०१३ सालच्या ‘गॉन होम’मध्ये रिकाम्या घरातल्या चिठ्ठ्या-पत्रे वाचल्याखेरीज त्या कुटुंबाचे काय झाले हे पूर्ण उलगडत नाही आणि वेळेचे बंधनही नसते, मात्र त्याचा विषय मोठ्या विद्यार्थ्यांसाठीचा असल्याने शिक्षकाने तो आधी स्वतः पूर्ण खेळावा. संवाद आपोआप सरकणारे खेळ टाळलेले बरे, कारण अडखळत वाचणारे मूल अर्ध्या ओळीवर असतानाच ओळ निघून जाते.

दुसरी चूक पातळीची. आधाराविना वाचून नीट समजण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे शब्दसंग्रहाचे अभ्यासक मानतात. ‘एटी डेज’ या खेळाची भाषा देखणी आहे, पण नवशिक्याला ती पेलणार नाही. अशा वेळी ‘ट्वाइन’ या मोफत साधनात शिक्षकाने स्वतःच लहानशी, पर्यायांची गोष्ट लिहावी. प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुलाने योग्य पर्याय निवडला की त्याला वाचता आले, असे समजणे. समजा, पडद्यावर ‘शी हार्डली नोज हिम’ (ती त्याला जेमतेम ओळखते) असे वाक्य आहे. ‘हार्ड’ ओळखीचा असल्याने मूल ‘ती त्याला पक्की ओळखते’ असा अर्थ लावते आणि त्या माणसावर विश्वास ठेवण्याचा पर्याय दाबते. गोष्ट फसल्यावर लगेच अर्थ सांगू नये. मागे जाऊन ‘कोणत्या शब्दावरून असे वाटले?’ एवढेच विचारावे. योग्य निवडीनंतरही हाच प्रश्न विचारावा, कारण दोन पर्यायांत अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतोच. प्रत्येक अनोळखी शब्दाला मात्र शब्दकोश उघडायला लावू नये, त्याने गोष्टीचा धागा तुटतो.

एका संगणकावर चौघे बसले की माउस सर्वांत चपळ मुलाकडे जातो आणि बाकीचे बघे होतात. म्हणून वाचणारा आणि माउस धरणारा वेगळा ठेवावा, प्रत्येक प्रसंगानंतर जागा बदलाव्यात आणि वाचणाऱ्याने ओळ मोठ्याने वाचून तिचा अर्थ मराठीत सांगितल्याखेरीज बटण दाबू देऊ नये.