इच्छापत्र लिहायला कसे बसावे

इच्छापत्रासाठी वकिलाच्या आधी एक निवांत दुपार आणि कोरी वही लागते. कायद्याचे काम तसे सोपे आहे. अवघड असते ते ‘माझ्या पश्चात’ हे शब्द स्वतःच्या हाताने कागदावर उतरवणे. बावन्नाव्या वर्षी मी लिहायला बसले, तेव्हा या दोन शब्दांपाशीच बराच वेळ अडून राहिले, कारण त्यापुढच्या प्रत्येक वाक्यात घर, ठेवी, मुले, दागिने असे सारे काही असते, फक्त लिहिणारी नसते. घरात विषय काढला की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ असे ऐकावे लागते, म्हणून पहिला कच्चा मसुदा एकटीने केलेला बरा.

प्रथम वहीची दोन पाने घ्यावीत. एकावर कायद्याने आपल्या नावावर असलेले सर्व लिहावे आणि दुसऱ्यावर ज्यांना बाजारात किंमत नाही, पण ज्यांच्यावर आपला जीव आहे, त्या वस्तू लिहाव्यात. माझे पहिले पान बारा ओळींत संपले, आणि आयुष्यभराच्या धावपळीचा हिशेब एवढासाच निघावा याचे मला थोडे हसू आले. दुसरे पान मात्र संपता संपेना. आईचा पितळी डबा, वडिलांची पत्रे, आजीच्या हातची गोधडी. हे दुसरे पान इच्छापत्रात न घालता वेगळ्या पत्रात लिहावे, कारण कायद्याच्या कागदावरील भावनेच्या वाक्याचे पुढे नाना अर्थ काढले जातात. पहिल्या पानाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसांचे हक्क संपत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

यानंतर कोणाला काय द्यावे हा प्रश्न येतो, आणि खरे मन इथेच उघडे पडते. माझ्या पहिल्या मसुद्यात चार अटी होत्या, त्यांतील एक ‘हे घर कधीही विकू नये’ अशी होती. ती वाचताना मला आमचे कोकणातले घर आठवले. आजोबांनी ते विकायचे नाही, मोडायचे नाही असे सर्वांना बजावून ठेवले होते. पुढे नातवंडे मुंबईला आणि परदेशात गेली, दुरुस्तीचा खर्च कोणी करेना, आणि आजोबांचा शब्द मोडून घर विकण्याचे धाडसही कोणाला झाले नाही. एका पावसाळ्यात माजघराचे छप्पर खाली आले. घर टिकावे म्हणून घातलेल्या अटीनेच ते पडले. मी चारही अटी खोडल्या. रागाच्या भरात कोणाचे नाव वगळले असेल, तर तो मसुदा महिनाभर बाजूला ठेवावा. तरीही निर्णय बदलला नाही, तर त्याचे कारण एका साध्या वाक्यात नोंदवावे.

पुढचे काम झटपट होते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार लिहिणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत आणि इच्छापत्रातून त्यांना काही मिळणार नसावे. स्टँप पेपरची किंवा नोंदणीची सक्ती नाही, तरी वादाची शक्यता वाटल्यास दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्यावी. तारीख विसरू नये, कारण शेवटचे इच्छापत्र ग्राह्य धरले जाते.

दुसरा कागद वैद्यकीय इच्छापत्राचा, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग, एका हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यामुळे, १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या, आणि त्यांना काय हवे असेल याचा निर्णय इतरांनाच करावा लागला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तो नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येतो. बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, आणि आपल्याला सांगता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात नावानिशी लिहावे. एक प्रत त्या व्यक्तीकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी.

दोन्ही कागद वर्षातून एकदा वाचावेत. मी त्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठरवली आहे, कारण त्या दिवशी घरात या विषयाला कोणी अभद्र म्हणत नाही. दरवर्षी काहीतरी बदलतेच. गेल्या वर्षी मी दुसऱ्या पानावरची पितळी डब्याची ओळ खोडली आणि डबा मुलीला देऊन टाकला. आई त्यात मेतकूट ठेवायची. मुलगी चार्जर आणि वायरी ठेवते.